पाठीवरचे पट्टे मोजा : फोटोवरून फळमाशी ओळखताना

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की आमच्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर अभ्यासाचं काही येत नाही, किड्यांचे फोटो मात्र भरपूर येतात. खाली प्रश्न ठरलेला. "बाई, हा कोणता किडा?" फोटो बहुधा हललेला, किडा कोपऱ्यात आणि मधोमध कुणाचा तरी अंगठा. फुलपाखरू असेल तर उत्तर पटकन देता येतं, कारण पंखच सगळं सांगून टाकतात. माशीचं तसं नाही. आठ मिलिमीटरचा जीव, त्यावर दोन-चार ठिपके आणि रेषा, आणि ओळखीच्या खुणा नेमक्या फोटोत न दिसणाऱ्या जागी. यंदा मात्र एका माशीच्या ओळखीवर एका घरातले आंबे अवलंबून होते. म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहिते आहे. कोकणातल्या शिक्षकांना आणि बागायतदार पालकांना तरी याचा उपयोग होईल.

सातवीतल्या एका मुलीने एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात गटावर फोटो टाकला. हापूसच्या फळावर एक काळसर-पिवळी, कमरेत बारीक अशी माशी बसलेली. लगेच उत्तरं सुरू झाली. एक म्हणाला मधमाशी, दुसरा म्हणाला कुंभारीण. एका पालकांनी ओळख सांगणारं अ‍ॅप लावून पाहिलं, त्याने गांधीलमाशी ठरवली. अ‍ॅपला फार बोल लावायचं कारण नाही. ही माशी दिसतेच गांधीलमाशीसारखी, पक्षी आणि सरडे तेवढ्यानेच बिचकत असतील.

अशा वेळी मी मुलांना नाव विचारत नाही, पंख मोजायला सांगते. मधमाशी, कुंभारीण, गांधीलमाशी यांना पंख चार. खऱ्या माशीला दोनच. मागच्या दोन पंखांच्या जागी बारीक दांडीवर गोळा बसवल्यासारखे दोन अवयव असतात आणि उडताना तोल सांभाळायला ते लागतात. फोटोत ते क्वचित दिसतात, पण मिशा दिसतात. गांधीलमाशीच्या मिशा लांब, चांगल्या डोळ्यात भरणाऱ्या. आपल्या या पाहुणीच्या मिशा आखूड, डोळ्यांच्या मध्ये लपलेल्या. शिवाय पंख पाठीवर न मिटता दोन्ही बाजूंना पसरलेले. म्हणजे माशीच. आणि आंब्यावर बसलेली म्हणजे फळमाशी असण्याची शक्यता मोठी.

इथे एक घोटाळा दूर करायला हवा, कारण पाठ्यपुस्तकाबाहेरचं वाचणारी मुलं हमखास विचारतात. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावतात त्या बारीक लाल डोळ्यांच्या माश्या, ज्यांना आपण चिलटं म्हणतो, त्यांनाही इंग्रजीत फ्रूट फ्लायच म्हणतात. आनुवंशिकतेच्या प्रयोगांतली प्रसिद्ध ड्रोसोफिला ती हीच. पण ती बहुधा फुटलेल्या, आंबलेल्या फळावर जाते. बागायतदाराची फळमाशी वेगळ्या कुळातली. तिची मादी झाडावरच्या धडधाकट, पिकायला आलेल्या फळाच्या सालीत टोकदार अंडनलिका खुपसते आणि आत अंडी घालते. वरून फक्त टाचणी टोचल्यासारखी खूण दिसते. बाकीचं आत चालतं.

हे सगळं मी गटावर लिहिलं आणि विषय संपला असं वाटलं. रात्री त्या मुलीचा वेगळा मेसेज आला. "बाई, आमच्या तीन पेट्या परत आल्या. आंब्यात अळी निघाली. पण बाबा म्हणतात आपल्याकडे सापळा आहे, त्यात रोज माश्या पडतायत. मग अळी कशी?"

प्रश्न अगदी बरोबर होता. सापळा लावलेला, सापळ्यात माश्या सापडतायत आणि तरी फळं किडकी. तिच्या वडिलांनी यावरून काढलेला निष्कर्ष असा, की माश्याच इतक्या झाल्या आहेत की सापळा पुरत नाही, फवारणी वाढवावी लागणार. तोडणी तोंडावर आलेल्या आंब्यावर आणखी औषध. घरात यावरून आई-वडिलांची बोलाचालीही झाली होती, असं तिने पुढे लिहिलं. मुलं शाळेत गप्प राहतात आणि फोनवर सगळं लिहून टाकतात.

मी तिला म्हटलं, सापळ्यातल्या माश्यांचा फोटो पाठव. पण हात लावू नकोस, कारण आमिषाबरोबर सापळ्यात कीटकनाशकही घातलेलं असतं. बाबांना सापळा उघडायला सांग, माश्या पांढऱ्या कागदावर ओतायला सांग आणि काडीने उताण्या-पालथ्या कर. शेजारी पट्टी ठेव.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा फोटो आले आणि चार फार सुरेख होते. सकाळच्या उन्हात, ओसरीवर, सावली पडू न देता काढलेले. मी तिला उत्तर सांगितलं नाही. आंब्यावरच्या माशीचा फोटो आणि सापळ्यातल्या माशीचा फोटो शेजारी शेजारी लाव आणि पाठीवरचे पिवळे पट्टे मोज, एवढंच लिहिलं.

अर्ध्या तासाने तिचा मेसेज आला. "आंब्यावरची दोन, सापळ्यातली तीन!!" पुढे उद्गारचिन्हं दोनच होती, पण ती मला चांगली ऐकू आली.

आता या पट्ट्यांविषयी. माशीच्या डोक्यामागचा, पंख ज्याला जोडलेले असतात तो भाग म्हणजे वक्ष. आंब्यावरच्या फळमाशीत, म्हणजे बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिसमध्ये, हा भाग काळपट असतो आणि त्याच्या दोन कडांना दोन पिवळे पट्टे असतात, मधला भाग मोकळा. वक्षाच्या शेवटी एक पिवळाधमक त्रिकोणी तुकडा. पोटावर काळ्या रंगात इंग्रजी टी अक्षर काढल्यासारखी खूण. पंख स्वच्छ, फक्त पुढच्या कडेला एक अरुंद तपकिरी किनार, साडीच्या काठासारखी शेवटपर्यंत गेलेली.

सापळ्यातली माशी तांबूस होती. वक्षावर दोन्ही कडांच्या पट्ट्यांशिवाय मधोमध तिसरा पिवळा पट्टा. आणि पंखांवर डाग : किनार टोकाशी रुंद होऊन ठिपका झालेला, शिवाय पंखाच्या आडव्या शिरेवर धुरकट पट्टा. ही झ्युगोडॅकस कुकुर्बिटी. जुन्या पुस्तकांत हिलाही बॅक्ट्रोसेराच म्हटलेलं आढळेल. आपल्या भाषेत वेलवर्गीय भाज्यांची फळमाशी. कारली, दोडकी, काकडी, पडवळ ही तिची घरं. मुलीला विचारलं, घराजवळ वेल आहेत का? विहिरीकडेला कारल्याचा मांडव होता, आजीने लावलेला, आणि त्यातली निम्मी कारली पिवळी पडून वाकडी होत होती. म्हणजे आंब्याच्या बागेतला सापळा इमानाने आजीच्या कारल्यांची राखण करत होता.

याचं कारण आमिषात आहे. हे सापळे अन्नाच्या वासाचे नसतात, विशिष्ट रसायनाचे असतात आणि त्याला फक्त नर माश्या भुलतात. आंब्याच्या फळमाशीचे नर मिथाइल युजेनॉलकडे ओढले जातात. वेलावरच्या माशीचे नर त्याकडे ढुंकून पाहत नाहीत, त्यांना क्यू-ल्यूर नावाचं दुसरं रसायन लागतं. दुकानात दोन्ही "फळमाशीचा सापळा" म्हणूनच मिळतात. डबा सारखा, झाकण सारखं, आमिषाचं नाव कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरांत. शेतकऱ्याने ते वाचून घ्यावं अशी अपेक्षा ठेवणं मला तरी पटत नाही. पाकिटावर आंब्याचं नाहीतर कारल्याचं ठळक चित्र छापायला असा किती खर्च येतो?

पण वडिलांना हे सांगायचं कसं? सातवीतल्या मुलीने "बाबा, तुमचा सापळा चुकीचा आहे" म्हणायचं, तेही पेट्या परत आलेल्या असताना. मी फोन करून सांगितलं असतं तर त्यांनी ऐकून घेतलं असतं, बाईंना कोण उलट बोलणार! पण मग ते ज्ञान बाईंचं झालं असतं. शोध मुलीचा होता. म्हणून तिला एक प्रयोग सुचवला, ज्यात कुणी कुणाला चूक म्हणायची गरज नव्हती.

तुळशीत मिथाइल युजेनॉल असतं. सगळ्या तुळशींत सारख्या प्रमाणात नसतं, पण बऱ्याच वेळा पुरेसं असतं. मूठभर पानं दगडावर ठेचायची, कलमाखाली सावलीत कागदावर ठेवायची आणि जरा लांब बसून बघायचं. सकाळच्या वेळी करायचं, भर दुपारी माश्या कमी फिरतात. तिने ते वडिलांना सोबत घेऊन केलं. आधी बराच वेळ काही आलं नाही, वडील उठून निघालेही होते. मग एक आली, मग तीन, मग आठ-दहा. ठेचलेल्या पानांवर बसून चाटत होत्या. तिने फोटो काढला. सगळ्यांच्या पाठीवर दोन पट्टे. वडिलांनी चष्मा आणायला पाठवलं आणि स्वतः मोजले.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "बाई, तुळशीवर आलेल्या माश्या वेगळ्या आहेत हो. सापळ्यात ही एकही नाही." मी म्हटलं, "तुमच्या मुलीने सकाळीच ओळखलं होतं." ते थोडं थांबून म्हणाले, "ती सांगत होती खरं." एवढंच बोलणं झालं. नंतर त्यांनी विचारलं की कोणतं आमिष आणू, आणि मी मिथाइल युजेनॉल हे नाव देवनागरीत आणि इंग्रजीत दोन्ही लिहून पाठवलं. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा "रक्षक" सापळा याच आमिषाचा आहे, कोकणात बऱ्याच जणांना तो नावाने माहीत असतो.

हे आमिष सापडलं त्याची गोष्ट वर्गात सांगण्यासारखी आहे. बिहारमधल्या पुसा इथल्या कृषी संशोधन संस्थेत एफ. एम. हॉवलेट नावाचे कीटकतज्ज्ञ होते. फळमाश्या सिट्रोनेला तेलाकडे ओढल्या जातात आणि त्याही फक्त नर, हे त्यांनी १९१२ साली नोंदवलं. पुढे काही वर्षांतच त्यांनी तेलातलं नेमकं आकर्षण मिथाइल युजेनॉल आहे इथवर माग काढला. जगभरच्या फळबागांत आज टांगलेल्या या सापळ्यांचं मूळ आपल्या देशातल्या त्या निरीक्षणात आहे.

नवीन आमिष लावलं त्या पहिल्याच दिवशी मुलीने मोजलेल्या माश्या ६३. मग तिने विचारलेला प्रश्न मला फार आवडला : "बाई, सगळे नरच पडले, मग अंडी घालणारी मादी तर बाहेरच राहिली ना?" खरं आहे. नर घटले की माद्यांना जोडीदार मिळत नाही आणि पुढची पिढी घटते. झाडावर आधीच फिरणाऱ्या मादीला सापळा काही करत नाही. म्हणून सापळा हंगामाच्या सुरुवातीपासून हवा, आणि एकट्या सापळ्यावर भागत नाही. त्यांच्याकडे गळलेले आंबे गडग्यापलीकडे फेकायची पद्धत होती. त्या आंब्यांतली अळी बाहेर पडून मातीत शिरते, कोष करते आणि नवी माशी होऊन परत झाडावर येते. आता ते आंबे पाण्याच्या पिंपात बुडवून मग खोल पुरतात. यंदाच्या बहुतेक आंब्याला उशीर झालाच होता. उरलेल्या दोन तोडण्या बऱ्या गेल्या असं ते म्हणाले, त्याहून जास्त काही मी विचारलं नाही.

आमच्यासाठी धडा मात्र पुढे चालू राहिला, कारण "दोन पट्टे" म्हणजे डॉर्सालिसच असं नाही. परत आलेल्या पेटीतले दोन किडके आंबे मुलीने रुंद तोंडाच्या बरणीत वाळूवर ठेवून वर धोतराचा तुकडा बांधला होता. अळ्या पूर्ण वाढल्या की फळातून बाहेर येतात आणि उड्या मारतात. शरीर वाकवून डोकं-शेपूट एकत्र आणायचं आणि झटक्यात सोडायचं, की अळी वीतभर लांब जाते. तिने पाठवलेला हा व्हिडिओ गटावर सर्वांत जास्त पाहिला गेला! वाळूत तपकिरी, गव्हासारखे कोष झाले. साधारण दहा दिवसांनी माश्या निघाल्या, एकूण अकरा.

पहिल्या दिवशीचे फोटो निरुपयोगी निघाले. कोषातून नुकतीच निघालेली माशी फिकट असते, पंख चुरगळलेले असतात, रंग अजून चढायचा असतो. साखरपाण्यात भिजवलेला कापूस देऊन दोन दिवस थांबावं लागतं. मुलांना हे थांबणं जड जातं, पालकांना जास्त. तिसऱ्या दिवशी मात्र खुणा ठसठशीत दिसल्या आणि अकरांत एक वेगळी निघाली. दहा जणींचं वक्ष काळपट आणि पंखाची किनार अखंड. अकरावी तांबूस, तिच्या पंखाची किनार मध्येच तुटलेली आणि टोकाला फक्त एक ठिपका. ही बहुधा बॅक्ट्रोसेरा झोनाटा. आंबा, पेरू, चिकू यांवर हीसुद्धा असते. तुटक किनारीचीच आणखी एक आहे, करेक्टा, पण तिचं वक्ष काळं असतं आणि तोंडावरचे काळे डाग गोल नसून आडवे, एकमेकांना जवळजवळ भिडलेले. डॉर्सालिसच्या तोंडावर दोन सुटे गोल ठिपके. म्हणजे पाठीच्या फोटोने काम भागत नाही, माशीचा समोरून चेहराही हवा. आणि माशी काही आधार कार्डाला बसल्यासारखी बसत नाही.

यावर उपाय असा, की माशी छोट्या पारदर्शक डबीत घालून चार-पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायची (बर्फाच्या कप्प्यात नाही). ती सुस्तावते, मरत नाही. आलेखाच्या कागदावर ठेवली की मापही आपोआप मिळतं. मग तीन फोटो : वरून पाठ, बाजूने पसरलेला पंख, समोरून चेहरा. फोनला लावायचं स्वस्त भिंग मिळतं, नाहीतर साधं हातभिंग कॅमेऱ्यासमोर धरलं तरी चालतं. फ्लॅश नको, अंगावर चकाकी येते आणि पिवळा पट्टा पांढरा दिसतो. फोटोसोबत जागा, तारीख आणि माशी कोणत्या फळातून निघाली हे लिहायचं. फळावर बसलेली आणि फळातून निघालेली यांत फरक आहे, नुसती बसलेली माशी कुठूनही आलेली असू शकते. हे लिहिलेलं नसेल तर उत्तम फोटोचं मोल अर्ध्यावर येतं.

इतकं करूनही फोटो कुठपर्यंत नेतो? डॉर्सालिससारख्या दिसणाऱ्या माश्यांचा आशियात मोठा गट आहे आणि त्यांत तज्ज्ञांचेही वाद झाले. २००३ साली केनियात अशी एक माशी सापडली, २००५ साली तिला नवी जात समजून बॅक्ट्रोसेरा इन्व्हाडेन्स असं नाव दिलं गेलं. पुढे बऱ्याच देशांतल्या संशोधकांनी डीएनए, पंखांचे आकार, एकमेकींत प्रजनन होतं का, हे सगळं तपासलं आणि २०१५ साली ती डॉर्सालिसच असल्याचं ठरलं. आग्नेय आशियातली पपईची म्हणून वेगळी मानलेली माशीही त्याच वेळी डॉर्सालिसमध्ये आली. कॅरॅम्बोली मात्र वेगळीच राहिली. हे मुलांना सांगितल्यावर एकाने विचारलं, "म्हणजे पुस्तकातलं नाव बदलू शकतं?" मी हो म्हटलं आणि तो दोन मिनिटं विचारात पडला.

त्या मुलीच्या वडिलांना एवढ्या खोलात जायची गरज नव्हती. डॉर्सालिस, झोनाटा, करेक्टा, तिन्हींचे नर मिथाइल युजेनॉलला येतात, त्यामुळे वेलाची की आंब्याची एवढं कळलं तरी सापळा ठरतो. निर्यातीत याच्या उलट असतं. अळी पाहून जात ओळखणं फार कठीण, म्हणून तिथे एक अळी दिसली तरी माल अडकतो. युरोपीय संघाने मे २०१४ पासून भारतीय आंबा आणि चार भाज्यांची आयात थांबवली होती ती अशा किडी आढळल्यामुळेच, आणि आंब्यावरची बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठली. त्या वर्षी हापूस मुंबईत स्वस्त मिळाला म्हणून लोक खूश होते, इथे बागायतदारांची तोंडं उतरली होती. तीन पेट्या परत आल्या त्या घराने ते वर्षही पाहिलेलं आहे.

अकरावी माशी आता स्पिरिटच्या छोट्या बाटलीत आहे, बाटलीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आहे, कारण शाईचं पेन स्पिरिटमध्ये पुसलं जातं. तिचा चेहऱ्याचा फोटो नीट आलेला नाही, एका बाजूचा ठिपका दिसतो, दुसरा अंधारात आहे. जूनमध्ये शाळा उघडली की प्रयोगशाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली ती पाहायची असं ठरलं आहे. बाटली मुलीने स्वतःजवळच ठेवली आहे, मी मागितली तर म्हणाली, "बाई, मीच आणते." कारल्याच्या मांडवाशेजारी आजीने जुना सापळा टांगून घेतला आहे.